चौथा प्लग

मोटारी आणि अवजारं आपसांत बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. एक जुनी मोटार चालताना सारखी धापा टाकत होती. आता बिघडली तर तिला भंगारात द्यायचं ठरलं होतं. म्हणून मालकीण कुमुदबाईंनी घरीच तिच्या इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग आणि त्यांना वीज पुरवणाऱ्या कॉइल बदलायला घेतल्या.

तीन प्लग नीट बसले. चौथा मात्र अर्ध्यावर अडला.

"घाबरतोस काय, नाजूकराव!" पाना हसला. "एक हिसका देतो, बसशील."

"नको, पानादादा. मी तिरका लागलोय. जोर केलास तर इंजिनाचे आटे मोडतील, मग मोटार गेलीच."

"पण परत बाहेर आलास, तर बाकीचे हसतील."

"हसू देत," म्हणत प्लग घट्ट अडून राहिला.

कुमुदबाईंच्या हाताला ते जाणवलं. त्यांनी प्लग बाहेर काढला, आटे पुसले आणि रबरी नळीत अडकवून तो नुसत्या बोटांनी फिरवत सरळ आत नेला. शेवटी पान्याने जरासाच आवळला.

"एवढंच?" पाना कुरकुरला.

"एवढंच, दादा. पण तुझ्यावाचून मी सैलच राहिलो असतो."

वर कॉइल बसली. तिने हळूच विचारलं, "तयार आहेस ना रे?"

प्लग म्हणाला, "सोड वीज."