घोटाभर पाणी

“…पण मग मी शिकवायचं कधी, आक्का?”

इंदाक्का एका पोराच्या सदऱ्यात घुसलेली कुसळं वेचत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाला?”

“या मुलांना! इतके दिवस झाले मला येऊन. मी नुसती त्यांच्यामागून हिंडतेय.”

“हिंड की मग.”

हेमांगीला हसावं की रडावं कळेना. पुण्याला वनस्पतिशास्त्रात ती पहिली आलेली, वर बालशिक्षणाची पदविका. आजऱ्याजवळच्या डोंगरउतारावर बिनभिंतींची बालवाडी चालते, हे ऐकून ती हौसेनं इथं आली होती. तीन ते सहा वर्षांची पोरं दिवसभर झाडांत, गवतात, ओढ्यात. पावसापुरती एक ताडपत्री. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या इंदाक्का हीच काय ती शाळेची इमारत.

आपल्याजवळ या मुलांना देण्यासारखं पुष्कळ आहे, असं हेमांगीला वाटे. ते खोटंही नव्हतं. पण घेणारं कुणी थांबत नसे. ती पानाच्या शिरा दाखवायला वाकली, की तोवर पोरं मुंगळ्यामागं पसार.

थांबायची ती एकटी आर्वी. तीही ऐकण्यासाठी नव्हे. आर्वीला ओढा ओलांडता येत नसे, म्हणून.

ओढ्याला घोटाभर पाणी. बाकीची पोरं धबाधबा उड्या मारत पलीकडच्या खडकावर जात. साडेचार वर्षांची आर्वी अलीकडं बसे, गुडघे पोटाशी घेऊन. पायांतल्या चपलासुद्धा काढत नसे. शेजारी इंदाक्का. दोघी गप्प.

“तुम्ही तिला काही सांगत का नाही?” हेमांगीनं एकदा विचारलं.

“ती पाण्याकडं बघतीय. मधे कशाला बोलू?”

हेमांगीला ते पटलं नाही. एका सकाळी तिनं स्वतःच मनावर घेतलं. काठी पाण्यात बुडवून तिनं आर्वीला ओली खूण दाखवली.

“बघ, एवढंच पाणी. यात कुणी बुडेल का?”

आर्वीनं मान हलवली. नाही.

“मग भीती कसली?”

हेमांगीनं तिला अलगद उचललं आणि ओढ्याच्या मधोमध उभं केलं. एकदा पाय भिजले की भीती जाईल, असा तिचा हिशेब.

आर्वी अशी किंचाळली की पलीकडची सगळी पोरं जागच्या जागी थिजली. सोडवून घेण्यासाठी ती हेमांगीच्या मनगटाला कडकडून चावली. इंदाक्का लुगड्यानिशी पाण्यात शिरल्या, पोरीला कडेवर घेतलं, काठावर आणलं. हेमांगीला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. चाव्यापेक्षा तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी आर्वी आली नाही. त्यानंतरही नाही.

मग एका सकाळी तिची आई सुवर्णा उतारावर आली. काजूच्या कारखान्यात कामाला होती ती. पाळीची वेळ झालेली, त्यामुळं उभ्या उभ्याच बोलली.

“येत न्हाई म्हणतीय ओ आक्का. शेजारच्या म्हातारीच्या गळ्यात घातलीय, पण ती तरी किती दिवस बघंल? कारखान्यात पोरं आणू देत न्हाईत. आणि…” तिनं ओढ्याकडं बघितलं. “हितं आल्यापासनं जरा बोलायला लागली होती. आता पुन्हा गप झालीय.”

ती गेल्यावर हेमांगीला मान वर करवेना.

“चूक माझी आहे, आक्का. मी जाते तिच्याकडं. सांगते तिला.”

“काय सांगशील?”

“की घाबरण्यासारखं काही नाहीये.”

इंदाक्का तिच्याकडं वळल्या.

“तू कशाला घाबरतेस?”

“मी? कशालाच नाही.”

हे खरं नव्हतं. नुसत्या आवाजावरून बेडकाची जात ओळखणारी हेमांगी बेडूक हातभर अंतरावर आला तरी गारठून जायची. लहानपणापासूनच. एखाद्या पोराला बेडूक सापडला, की तिला नेमकं दुसरीकडं काहीतरी काम निघे. हे कुणाच्या ध्यानात आलेलं नाही, अशी तिची समजूत होती.

“बरं,” इंदाक्का म्हणाल्या.

पोरं घरी गेल्यावर दोघी निघाल्या. वाटेत एका बांधाशी इंदाक्का वाकल्या आणि काहीतरी ओंजळीत घेऊन चालू लागल्या. हेमांगीचं तिकडं लक्ष नव्हतं. ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती.

आर्वी दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसली होती. हेमांगी दिसताच तिनं पाय वर ओढून घेतले. हेमांगीनं बोलायला तोंड उघडलं.

“धर,” इंदाक्का म्हणाल्या, आणि ओंजळ तिच्या तळहातावर रिकामी केली.

बेडूक होता.

हेमांगी ओरडली. हात झटकता झटकता तोल जाऊन ती अंगणात बसली, चष्मा उडाला. शेजारणी दारात आल्या. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. त्या बेडकाचं शास्त्रीय नाव तिला लख्ख आठवत होतं. त्याचा काही म्हणजे काही उपयोग होत नव्हता.

“आक्का… हे तुम्ही… का?”

आर्वी कट्ट्यावरून उतरली. पाण्याच्या पिंपाशी अंग चोरून बसलेला बेडूक तिनं दोन्ही हातांत धरला आणि हेमांगीकडं आली. हेमांगी मागं सरकली. आर्वी थांबली.

“तुला भ्या वाटतंय?”

“हो.”

“लई?”

“…लई.”

आता ही म्हणणार, बघ केवढासा आहे तो, चावतो का कुणाला? हेमांगीनं स्वतः तेच म्हटलं असतं. म्हटलंच होतं.

आर्वीनं तसलं काही विचारलं नाही. तिनं दोन्ही हात पाठीमागं लपवले.

“मग बघू नको,” ती म्हणाली. तिकडच्या मुली स्वतःबद्दल ‘येते-जाते’ नाही, ‘येतो-जातो’ म्हणतात. “मी सोडून येतो त्याला. तू लांबनं ये.”

ती पुढं चालू लागली. हेमांगी उठली, चष्मा शोधला, आणि चांगली लांबून तिच्यामागं गेली. इंदाक्का कट्ट्यावर बसून राहिल्या.

सकाळी आर्वी उतारावर हजर. आपल्या नेहमीच्या जागी बसली. इंदाक्का काही न बोलता बाकीच्या पोरांना घेऊन पलीकडं गेल्या, आणि आर्वीशेजारी हेमांगी बसली.

दोघींत एक खेळ सुरू झाला. नियम आर्वीचे. ती बेडकाचं पिल्लू मुठीत धरी आणि हेमांगीनं एक बोट त्या मुठीवर टेकवायचं. बेडकावर नाही, मुठीवर. मग आर्वी पिल्लू सोडून देई. पुन्हा उद्या. “बघ, काही झालं का?” असं ती एकदाही म्हणाली नाही.

एके दिवशी तिनं मूठ किंचित सैल केली. हेमांगीच्या बोटाला काहीतरी गार, ओलसर लागलं. अंगावर सर्रकन काटा आला. पण बोट तिथंच राहिलं… आर्वी बेडकाकडं बघतच नव्हती. हेमांगीचा चेहरा बघत होती.

“हसलीस,” ती म्हणाली.

“हसले?”

“व्हय. आता माझं.” तिनं चपला काढल्या. “हात धरू नको. नुस्ती बस.”

हेमांगी बसली. ‘शाब्बास’ घशापर्यंत आलं, ते तिनं गिळलं. ‘हळू’ आलं, तेही गिळलं.

अंगठा पाण्याला टेकला. मागं आला. पुन्हा टेकला. मग एक पाऊल… कितीतरी वेळानं दुसरं. ओढ्याच्या मधोमध आर्वी उभी राहिली, वाकून पाण्याकडं बघत. तिच्या पायांना वळसा घालून पाणी पुढं जात होतं. एक चिमुकला मासा आला, तिच्या बोटाला तोंड लावून सटकला. आर्वी खदखदून हसली. पुन्हा तो येतो का, म्हणून तशीच उभी राहिली.

“ये की गं हिकडं!” पलीकडून पोरं ओरडली. तिनं वरसुद्धा बघितलं नाही.

घरी जायची वेळ झाली. पोरं परतली. त्यांच्यामागून इंदाक्का पाण्यातून आल्या, आर्वीच्या बाजूनं गेल्या, तिला धक्कासुद्धा लागू न देता. काठावर येऊन त्या लुगड्याचा ओला काठ पिळू लागल्या.

तेवढ्यात सुवर्णा लेकीला न्यायला आली. उतारावरूनच तिला पाण्यात उभी पोर दिसली. ती धावतच खाली आली, आणि काठाशी येऊन थबकली. हाक मारावी तर पोर दचकेल. तिनं पदर तोंडावर धरला.

“पलीकडं गेली का ओ, आक्का?” तिनं हळूच विचारलं.

“अजून नाही,” हेमांगी घाईघाईनं म्हणाली. “अर्ध्यातच आहे. पण उद्या नक्की जाईल. हो ना, आक्का?”

इंदाक्कांनी काठ पिळून खाली सोडला. पाण्यात आर्वी अजून माशाची वाट बघत उभी होती, आणि ओढा तिच्या पायांवरून आपल्या वाटेनं पुढं चालला होता.

“ओढ्याला विचार,” त्या म्हणाल्या, “त्याचं पलीकडं कुठलं.”