बोल्टचं घर गेलं

एक होता बोल्ट. इवलासा, पोलादी. टेम्पोच्या गिअरबॉक्सला एक भोक होतं, तेच त्याचं घर. भोकात होते आटे. आटे म्हणजे गोल गोल जिना. बोल्ट गरगर आत जायचा आणि घट्ट बसायचा.

एकदा गॅरेजमधल्या हैबतीमिस्त्रींनी पान्याला लांब पाइप लावला आणि बोल्ट पिळला.

"अजून थोडा! अजून थोडा!"

गिअरबॉक्स होता अल्युमिनियमचा. मऊ. करर्र! आटे गेले. बोल्ट खाली पडला. टिंग!

"भोकच गेलं," मिस्त्री म्हणाले. "आता हा कशाला? जाईल भंगारात."

बोल्टला रडूच आलं.

"भोका, भोका, धर ना."

भोक म्हणालं, "स्प्रिंग आत बसली, तिचाच नवा जिना झाला, तर धरीन."

बोल्ट निघाला. टिंग टिंग टिंग. तारेची स्प्रिंग डबीत लोळत होती.

"स्प्रिंगताई, स्प्रिंगताई, बस ना. भोक धरेना."

"टॅपनं नवे आटे पाडले, तर बसेन."

टिंग टिंग टिंग. दातेरी टॅप फळीवर उभा होता.

"टॅपदादा, टॅपदादा, फिर ना. स्प्रिंग बसेना, भोक धरेना."

"ड्रिलनं भोक मोठं केलं, तर फिरेन."

टिंग टिंग टिंग.

"ड्रिलमामा, ड्रिलमामा, चाल ना. टॅप फिरेना, स्प्रिंग बसेना, भोक धरेना."

"मिस्त्री उठले, तर चालेन."

टिंग टिंग टिंग. मिस्त्री स्टुलावर बसले होते. हलायचं नावच नाही.

"मिस्त्री, मिस्त्री, उठा ना. ड्रिल चालेना, टॅप फिरेना, स्प्रिंग बसेना, भोक धरेना."

"मावशीचा चहा आला, तर उठेन."

टिंग टिंग टिंग. शेजारीच सगुणामावशीची चहाची टपरी.

"मावशी, मावशी, चहा कर ना. मिस्त्री उठेनात, ड्रिल चालेना, टॅप फिरेना, स्प्रिंग बसेना, भोक धरेना."

"दूध आलं, तर करीन."

"दूध कशातनं येतं?"

"माझ्या टेम्पोतनं."

"टेम्पो कुठाय?"

मावशीनं गॅरेजकडं बोट केलं. टेम्पो तिथंच उभा होता.

"मावशी! त्याचाच बोल्ट मी!"

मावशीनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! तू नाही तर टेम्पो नाही. टेम्पो नाही तर दूध नाही. मग काय, बसायचं असंच? थांब, कोराच टाकते."

आलं ठेचलं, ठक ठक. चहा उकळला, रटरट. मावशीनं पेला मिस्त्रींच्या हातात दिला.

"घ्या. बिनदुधाचा. आणि उठा आता!"

मिस्त्रींनी तोंड वाकडं केलं, पण प्याले. सुर्रर्र!

चहा प्याले, मिस्त्री उठले.
मिस्त्री उठले, ड्रिल चालला. घुर्रर्र!
ड्रिल चालला, टॅप फिरला. कर कर कर!
टॅप फिरला, स्प्रिंग बसली. गुटुक!
स्प्रिंग बसली, भोक म्हणालं, "ये रे बाळा, ये."

बोल्ट गरगर आत गेला. मिस्त्रींनी हळूच पाना फिरवला. एवढाच. बास.

टेम्पो सुरू झाला. ढर्रर्र! मावशी वाकून गिअरबॉक्सखाली बघून आली. तेलाचा एक थेंबही गळत नव्हता.

"काय हो मिस्त्री, कुणाला भंगारात टाकणार होता?"

"छे छे! मी कुठं?" मिस्त्री म्हणाले.

बोल्ट आपल्या घरात घट्ट बसला होता.