एम्बर म्हणजे दव

सह्याद्रीच्या अंगावर एक वाडी होती. तिथे ढग वाट चुकून घरात शिरायचे आणि चुलीपाशी बसून राहायचे. खाली धरणाचं पाणी होतं. त्या पाण्यावरून रोज सकाळी धुकं वर चढायचं, आणि दुपार कलेपर्यंत उतरायचं नाव घ्यायचं नाही. त्या वाडीत दोन मैत्रिणी राहायच्या. एक द्रुपदा, दुसरी हौसा.

द्रुपदा चलाख. एकदा ऐकलं की तिला पाठ. हौसा संथ. तिला एक गोष्ट चार वेळा सांगावी लागायची, पण पाचव्या वेळी ती तुम्हालाच समजावून सांगायची. दोघींनी तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. केलं होतं. जायच्या एकाच एस.टी.नं, खायच्या एकाच डब्यातलं.

धरणाच्या पलीकडच्या काठावर विद्यापीठ होतं. धुकं विरलं की त्याची पांढरी इमारत घटकाभर दिसायची, पाण्यावर तरंगत असल्यासारखी. मग पुन्हा धुकं यायचं आणि ती नाहीशी व्हायची. लहानपणी द्रुपदाला वाटायचं, तो एक ढगच आहे. मोठी झाल्यावर कळलं की तिथे खरीखुरी माणसं एम.ए. करतात. तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेना. पाणी भरताना, भाकरी थापताना ती मनानं त्या इमारतीच्या पायऱ्या चढायची.

हौसाही चढायची. ती बोलून दाखवायची नाही, एवढंच.

विद्यापीठात शिकवणं सगळं इंग्रजीतून. म्हणून आत शिरायचं तर आधी इंग्रजीची प्रवेश परीक्षा. आणि त्या खोऱ्यातल्या वाड्यांसाठी वसतिगृहासकट जागा किती? एक. फक्त एक. वाड्या बऱ्याच होत्या, पण त्या वर्षी फॉर्म भरणाऱ्या दोघीच निघाल्या. झालं! म्हणजे एक जाणार आणि एक राहणार, हे दोघींना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दोघींनीही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

वाडीत निवृत्त झालेले भवारी गुरुजी होते. त्यांच्याकडे एक इंग्रजी-मराठी शब्दकोश होता. जाडजूड, आणि दमट हवेनं शिवण उसवलेला. गुरुजी म्हणाले, "पोरींनो, पुस्तक एक आहे नि तुम्ही दोघी. वाटून घ्या, पण भांडलात तर परत घेईन."

आता तुम्ही म्हणाल, शब्दकोश कशाला? मोबाइलवर अर्थ बघायचा. अहो, त्या वाडीत रेंज यायची ती धुकं उठल्यावर, आणि धुकं उठायचं ते त्याच्या मर्जीनं. त्याच्या भरवशावर बसल्या असत्या तर 'ए' अक्षरातच म्हाताऱ्या झाल्या असत्या.

त्या बाजूला हिरड्याचं रान आहे. बाळहिरड्याच्या हंगामात बाया जोडीजोडीनं रानात जातात. एक झाडावर चढून फांदी झोडपते, दुसरी खाली लुगडं अंथरून हिरडा गोळा करते. संध्याकाळी माल वाटायचा. त्याची रीत ठरलेली. एकीनं दोन वाटे करायचे आणि दुसरीनं आधी उचलायचा. त्यामुळे वाटे करणारीचा हात आपोआप सरळ राहतो. शब्दकोशाचंही तसंच केलं. द्रुपदानं उसवल्या जागी तो दोन भागांत सोडवला, आणि हौसानं आधी हात घातला. तिनं मागचा भाग उचलला. 'ए'पासून 'एल'पर्यंतचा पुढचा भाग द्रुपदाकडे राहिला.

मग रोजचा शिरस्ता पडला. सकाळी आपापल्या भागातले शब्द पाठ करायचे. दुपारी रानात गेलं की एकीनं दुसरीला ते सांगायचे. हौसा झाडावर, द्रुपदा खाली. धुक्यात एकमेकींचं तोंड दिसायचं नाही, नुसता आवाज यायचा. वरून हिरडा पडायचा, त्याच्याबरोबर शब्द पडायचे. खालून शब्द वर जायचे. रानातल्या पाखरांनाही निम्मं इंग्रजी आलं असेल, इतक्या त्या बडबडायच्या. फार सुखाचे दिवस होते ते.

माघात गुरुजींनी दोघींची चाचणी घेतली. उताऱ्यावर प्रश्न विचारले, शब्द विचारले. संपल्यावर डोळ्यांची उघडझाप करत म्हणाले, "द्रुपदे, तू हुशार आहेस. पण या खेपेला हौसाच पुढं आहे बरं का. अशीच राहिली तर जाईल ही पलीकडं." दुसऱ्या दिवशी गुरुजी मोतीबिंदू काढायला लेकीकडे निघून गेले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. द्रुपदाच्या पोटात मात्र दुखायला लागलं.

हौसा? हौसा पुढे? जिला चार-चार वेळा समजावून सांगितलं ती? आणि सांगितलं कुणी, तर मीच! द्रुपदाला रडू आलं. चूल फुंकायचं निमित्त करून ती रडलीसुद्धा.

त्या दुपारी रानात धुकं इतकं दाट होतं की झाडाचा बुंधाही दिसत नव्हता. वरून हौसानं विचारलं, "आज काय आणलंस गं?"

"एम्बर," द्रुपदा म्हणाली.

"म्हंजी?"

एम्बर म्हणजे राखेतला धुगधुगणारा निखारा. सकाळीच तिनं वाचलं होतं. पण तोंडातून निघालं भलतंच. "दव. पहाटेचं पहिलं दव."

वर हौसानं तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. मग हौसा म्हणाली, "अगं बाई! दवाला किती गोड नाव दिलंय त्यांनी. एम्बर, एम्बर."

द्रुपदाला वाटलं, आत्ता हौसा म्हणेल, खोटं! पण हौसा कशाला म्हणेल? तिनं फांदी झोडपली आणि हिरडा सडासडा खाली आला.

एकदा जीभ सैल सुटली की आवरत नाही. द्रुपदा रोज दहा शब्द सांगायची. त्यातले नऊ खरे, एक खोटा. हर्थ म्हणजे चूल, तिनं सांगितलं झरा. फ्रेल म्हणजे अशक्त, तिनं सांगितलं धडधाकट. लिंगर म्हणजे पाय न निघणं, रेंगाळणं. तिनं सांगितलं, घाईनं निघून जाणं. हेझ म्हणजे धूसर हवा. त्याचा तर तिनं मोरपिसावरचा डोळा करून टाकला. खोटंच सांगायचं तर चांगलं तरी सांगावं, असं काहीसं तिला वाटत असावं. आणि प्रत्येक अर्थ हौसाला आवडायचा.

पण त्यात एक मेख होती. हौसाची सवय वाईट. आज सांगितलेलं ती उद्या विचारायची, परवा विचारायची, आठवड्यानं पुन्हा विचारायची. "द्रुपदे, परवाचं ते हेझ काय म्हणालीस?" आता आली का पंचाईत! परवा मोरपीस सांगितलं आणि आज दुसरंच सांगितलं तर पकडली जाणार. लिहून ठेवावं तर कागद कुणाच्या हाती लागेल नेम नाही. मग द्रुपदा ते मनात घोकायची. दळण निवडताना घोकायची, झऱ्यावर घोकायची. एम्बर दव, हर्थ झरा, हेझ मोरपीस. खरा अर्थ तिनं वाचला होता एकदा. खोटा घोकला पन्नासदा.

एके दुपारी हिरड्याखाली तिचा डोळा लागला. स्वप्नात हिरवंगार माळरान होतं आणि गवतावर दव पडलेलं होतं. ती अनवाणी चालू लागली तर तळवे भाजायला लागले. समोर झरा दिसला म्हणून पाय बुडवायला धावली, तर झऱ्यातून धूर निघत होता. आभाळभर मोरपिसाचे डोळे उघडे होते आणि सगळे तिच्याकडेच बघत होते. दचकून जागी झाली. वरून हौसाचा आवाज येत होता, "एम्बर म्हंजी दव, एम्बर म्हंजी दव." द्रुपदाच्या मनात आलं, सांगून टाकावं. ओठावर आलंसुद्धा. तेवढ्यात धुकं फाटलं आणि पाण्यापलीकडे ती पांढरी इमारत दिसली. द्रुपदानं तोंड मिटलं.

परीक्षेचा दिवस उजाडला. दोघी होडीतून पलीकडे गेल्या. सगळीकडे नुसतं पांढरं होतं, पाणी कुठे संपतं नि काठ कुठे लागतो काही कळत नव्हतं. हौसानं द्रुपदाचा हात घट्ट धरला होता. "भ्या वाटतंय गं," ती म्हणाली. 

घंटा झाली. उतारा समोर आला. साधाच होता. थंडीची सकाळ, डोंगरातलं घर, घरात एक फ्रेल म्हातारी. हर्थपाशी बसून ती शेवटच्या एम्बरवर हात शेकते आहे. बाहेर हेझ आहे. दारात उभा पाहुणा लिंगर करतो आहे. ह्या म्हातारीला कसलं दुःख आहे ते लिहा, असा प्रश्न होता.

द्रुपदानं वाचलं. तिच्यासमोर झरा आला, दव आलं, मोरपीस आलं. नाही, नाही, हे तर मीच केलेलं! मग खरं काय? तिनं डोकं धरलं. खरं आठवेचना. बरं, हे ठरावीक खोटे शब्द तेवढे सोडून पुढे जावं, तर पुढचे शब्दही तिला सरळ दिसेनात. हा मी खरा सांगितला होता की खोटा? आणि हा? ती एकेका शब्दापाशी अडून त्याच्याकडे चोरासारखी बघत राहिली. ओळ वाचावी, ओळीतून अर्थ लागतो का पाहावं, इतकं साधंही तिला सुचलं नाही. वाडीतली सगळ्यांत हुशार मुलगी पहिल्याच उताऱ्यावर दीड तास बसली. घंटा झाली तेव्हा उत्तराचं पान अर्ध्याहून जास्त कोरं होतं.

दाराबाहेर हौसा तिची वाटच बघत होती. धावत आली.

"द्रुपदे, अगं तुझ्या त्या भागात छापायच्या लई चुका हायत! म्हातारी एम्बरवर हात शेकतीया म्हणं. दवावर कुणी हात शेकंल का? म्हटलं, निखारा असणार. मग हर्थ म्हंजी चूल असणार. एक एक जुळवत गेले झालं. पण माझा जीव नुसता वरखाली होत होता बघ. म्हटलं, ही बिचारी पुस्तकावर भरवसा ठेवून तशीच लिहील नि फसंल."

 हौसानं शिव्या दिल्या असत्या तर द्रुपदाला बरं वाटलं असतं.

होडी परत निघाली. निम्म्या पाण्यात आल्यावर द्रुपदा म्हणाली, "हौसे, पुस्तकात चूक नव्हती. मी खोटं सांगत होते. मला ती जागा पाहिजे होती."

हौसानं तिच्याकडे पाहिलं. रागावली नाही, ओरडली नाही. तिचे डोळे भरून आले. मग तिनं विचारलं, "कोणकोणते?"

"काय?"

"कोणकोणते शब्द खोटे सांगितलेस? तेवढं सांग. म्हंजी तेवढे मी काढून टाकीन."

द्रुपदानं तोंड उघडलं. एम्बर, ती म्हणाली. हर्थ. हेझ. मग ती थांबली. पुढे? तिनं खूप आठवून पाहिलं. खरे आणि खोटे एकमेकांत कालवून गेले होते आणि तिला ते निवडता येईनात.

"मला नाही सांगता येत, हौसे," ती म्हणाली आणि ढसाढसा रडली.

"मग आता मी काय करू गं?" हौसा म्हणाली. "मला तुझं खरंसुद्धा खरं वाटंना झालंय."



पंधरा दिवसांनी यादी लागली. हौसाचं नाव होतं. ती गेली त्या सकाळी द्रुपदा तिला पोचवायला काठावर गेली. हौसानं तिला टाळलं नाही, पण नेहमीसारखा हातही धरला नाही. धुक्यात होडी दिसेनाशी झाल्यावर द्रुपदा घरी आली, शब्दकोशाचं पहिलं पान काढलं आणि 'ए'पासून एकेक शब्द पुन्हा शिकायला बसली. तिला ते सगळं पुसून पुन्हा शिकायला पुरतं वर्ष लागलं. हौसाला तिचा शब्द पुन्हा खरा वाटायला किती लागलं, ते मात्र विचारू नका.

तात्पर्य: दुसऱ्याला फसवण्यासाठी रचलेलं खोटं आधी आपल्यालाच पाठ करावं लागतं; आणि मग जग आपल्यावर विश्वास ठेवेनासं होण्याआधी आपलाच आपल्यावरचा विश्वास उडतो.