न टोचलेली लस

औषधाच्या दुकानात लस टोचायला परवानगी द्यावी की नाही, यावर आंबेवळण गावात सभा भरली होती. दवाखाना तीस किलोमीटरवर, त्यामुळे सगळं गाव औषध दुकानवाल्या विमल खरबडेच्या बाजूने. विरोधात होते एकटे तालुक्याचे डॉक्टर घोरपडकर. पण ते बोलायला उठले की आरोग्य अधिकारीसुद्धा सावरून बसत.

"गोळ्या मोजून देणं वेगळं. लस टोचायला शिक्षण लागतं!" डॉक्टर गरजले. त्यांनी आपल्या थर्मासमधून धनुर्वाताच्या लशीची बाटली काढली आणि बाही वर सरकवली. "टोच मला, सगळ्यांसमोर. हात थरथरतो का बघू."

विमलने बाटली उजेडात धरून पाहिली आणि खाली ठेवली. "नाही टोचणार."

"घाबरली!" डॉक्टर हसले.

"ही ठेवली कुठे होती, डॉक्टरसाहेब?"

"फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात. जितकी गार, तितकी चांगली."

विमलने दुकानातून तशीच बाटली आणली, दोन्ही जोरात हलवल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. सभा वाकून बघू लागली. विमलची बाटली दुधाळच राहिली. डॉक्टरांच्या बाटलीत मात्र पांढरा गाळ भराभर तळाशी बसला.

"ही लस गोठली की वाया जाते," विमल म्हणाली. "टोचायला हात पुरतो, डॉक्टरसाहेब. शिक्षण लागतं ते न टोचायला."

अधिकाऱ्यांनी तिथंच परवानगीवर सही ठोकली. डॉक्टरांची बाही अजून वरच होती. मागून एक म्हातारी ओरडली, "बाही वर केलीच आहे, तर पहिला नंबर तुमचाच लावा!"