भुरीची पाठ

फार पूर्वी, जनावरं माणसांसाठी नव्हे तर हौसेनं ओझी वाहत, त्या काळी समुद्रापासून पूर्वेच्या जंगलापर्यंत त्यांची शर्यत लागे. आपला चारा आपल्याच पाठीवर न्यायचा आणि शर्यतीत असेपर्यंत कुणाची मदत घ्यायची नाही, असा नियम होता.

भुरी नावाची घोडी पहिल्या खेपेला सगळ्यांच्या पुढे होती. गोणीनं पाठ सोलवटली, तरी दातओठ खाऊन ती धावतच राहिली. जखम चिघळली, ताप भरला आणि ती माळावर कोसळली. बरी होताना पडल्या पडल्या तिच्या ध्यानात आलं, की पाठ काही एकदम फाटली नव्हती. आधी नुसती खाज सुटली होती.

पुढच्या शर्यतीत तशीच खाज सुटली, तेव्हा भुरी थांबली. तिनं ओढ्यात पाठ धुतली आणि गोणीखाली मऊ गवत घातलं. मागून खेचर आलं.

"एवढ्याशा खाजेला भ्यालीस?"

"भ्याले," भुरी म्हणाली. "तुझ्याही खांद्यावरचे केस गेलेत. बघ जरा."

"पोचल्यावर बघू!" म्हणत ते पुढे पळालं.

दोन मुक्कामांनंतर ते वाटेवर पडलेलं दिसलं. भुरी पाणी आणायला वळली.

"नको, नियम मोडेल," ते कण्हलं.

"नियम धावणाऱ्यांना असतो. तू आता जखम भरायचं बघ."

त्याला पाणी पाजून ती निघाली. जंगलात पोचली तेव्हा बैल आणि सांडणी आधीच चरत होते. भुरीनं गोणी उतरवली आणि चारी पाय वर करून ती धुळीत मनसोक्त लोळली.