गुडघ्याएवढी खिडकी

"मग शिकायचं तरी कशाला, तात्या? गिऱ्हाईक म्हणेल तशा रेघा ओढायच्या, तर आर्किटेक्ट हवा कशाला?"

हेरंबने नकाशाची गुंडाळी टेबलावर जवळजवळ आपटलीच.

तात्या वालावलकरांनी चष्मा कपाळावर सरकवला. कुडाळच्या आसपास त्यांनी पन्नास वर्षं घरं बांधली होती. हेरंब सहा वर्षं त्यांच्या हाताखाली घडला आणि यंदाच त्याने स्वतःची पाटी लावली होती.

"काय म्हणतंय गिऱ्हाईक?"

"नलिनीताई. निवृत्त नर्स, एकट्याच राहतात. जुनं घर नव्याने करून हवंय. तीन नकाशे परत पाठवले. स्वयंपाकघर म्हणे पुढे पाहिजे, रस्त्याच्या बाजूला! पाहुणा पायरी चढला की आधी खरकटी भांडी बघणार. लोक हसतील मला."

"का हवंय पुढे?"

हेरंब गुंडाळीची दोरी नीट करू लागला.

"विचारलं नाहीस."

"त्यांना त्यातलं काय कळतं?"

तात्या रागावले नाहीत. त्यांनी पायांत चपला सरकवल्या. "चल. मी बांधलेलं पहिलं घर दाखवतो."

ते घर शेताच्या कडेला होतं. दार उघडलं नव्वदीला टेकलेल्या द्वारकाबाईंनी. त्या काही बोलायच्या आत तात्या वाकले आणि त्यांनी म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं.

"दर वर्षी काय हे!" द्वारकाबाई संकोचल्या.

हेरंबची नजर मात्र आतल्या खोलीतल्या खिडकीवर अडकली. जमिनीपासून जेमतेम गुडघ्याएवढी उंची.

"गवंड्याची चूक?" त्याने हळूच विचारलं.

"माझा हट्ट," द्वारकाबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांना अर्धांगवायू झालेला. खाटेवरून उठता येत नव्हतं. तुझ्या गुरूंनी नकाशात खिडकी काढली छातीएवढ्या उंचीवर. मी नको म्हटलं, तर कागद गुंडाळून चालते झाले. तापट होते हो फार!"

तात्या मान खाली घालून ऐकत होते.

"पंधरा दिवसांनी आपणहून आले. तेव्हा आम्ही भाड्याच्या खोलीत होतो, तिथली खिडकीही अशीच उंच. मी म्हटलं, वाद नको, ह्यांच्या शेजारी घटकाभर आडवे व्हा. झाले... आणि उठेचनात. मग म्हणाले, वहिनी, इथून नुसतं छप्पर दिसतं."

म्हातारीने खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला.

"अकरा वर्षं ह्यांनी इथून भात पिकताना बघितलं."

परतताना फाट्यावर हेरंब थांबला. "तुम्ही व्हा पुढे. मी नलिनीताईंकडे जाऊन येतो."

नलिनीताई पायरीवर भाजी निवडत बसल्या होत्या. हेरंब त्यांच्या शेजारी टेकला.

"ताई, स्वयंपाकघर पुढे का हवंय?"

त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता.

"चाळीस वर्षं वॉर्डात काढली रे, माणसांच्या राबत्यात. आता घरात बोलायला भिंती. सगळा दिवस जातो ओट्यापाशी आणि ओटा मागच्या अंगाला. रस्त्यावरून जाणारं माणूस दिसलं, तर हाक तरी मारता येईल."

"आणि खरकटी भांडी दिसली तर?"

"दिसू देत. मला माणसं दिसतील."

पाडव्याला घर तयार झालं. ओट्यासमोर रुंद खिडकी, आणि खिडकीच्या बाहेर बसायला चिऱ्याचा कट्टा. त्या दिवशी कट्ट्यावर तीळ ठेवायला जागा नव्हती. नलिनीताई आतून चहाचे कप देत होत्या, नावाने हाका मारत होत्या. हेरंबला पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी त्याच्या ओंजळीत नारळ ठेवला.

"माझं घर मला मिळालं, बाळा."

हेरंब तडक तात्यांकडे गेला. नारळ त्यांच्या पायाशी ठेवला.

"हा मान तुमचा, तात्या. तुमच्यामुळे साधलं."

 तात्यांनी तो उचलला आणि हेरंबच्या हातात परत दिला.

"चुकीच्या घरी आणलास. जिथून आणलास तिथे नेऊन दे... आणि वाकून दे."