राहीच्या माठावरची काच

भाविकहो, त्या वर्षी लहानगिरी महाराजांचा मुक्काम माहुलवाडीच्या देवळात होता. गावाला आनंद झाला. अंताजीपंतांना संशय आला. पंत देवळाचे कारभारी. ते देवाची मूर्तीसुद्धा आधी मागच्या बाजूने तपासून बघत, मग हात जोडत.

त्यातच देवळाच्या खिडकीची रंगीत काच वाऱ्याने निखळली. तुकडे खाली नदीत गेले, असं सगळे म्हणाले.

“सगळे म्हणतात, म्हणजे कट आहे,” पंत म्हणाले.

आणि नेमकी तेव्हाच राही कुंभारीण महाराजांसाठी माठ घेऊन आली. माठावर लाल, हिरव्या, निळ्या काचेच्या तुकड्यांची वेल होती, चुना-गुळात बसवलेली.

“काच कुठली गं?”

“बायांच्या बांगड्यांची, पंत. दारोदार जाऊन गोळा केली.”

“इतक्या बांगड्या फुटल्या गावात?”

राहीने जीभ चावली. “फुटल्या म्हणू नये. वाढल्या म्हणावं.”

“ऐका! हिची काच वाढते! गूळ खाऊन वाढत असेल!” पंत महाराजांकडे वळले. “ही खिडकीचीच काच. तुकडे खिडकीत बसले, तर हिची भट्टी विझवायची आणि हिनं गाव सोडायचं.”

राहीचे डोळे भरून आले. महाराज शांतपणे म्हणाले, “बसवा.”

पंत एकेक तुकडा उचकटून खिडकीत बसवू लागले. तुकडे चपखल बसले! खिडकी गच्च भरली. “चो...” म्हणत पंत वळले आणि ‘र’ घशातच राहिला. माठ जसाच्या तसा, काचांनी मढलेला!

पंतांना आता माठाचाच संशय आला. ते पुन्हा उचकटू लागले. एक तुकडा निघे, तिथे दुसरा उगवे. काय ती लीला! गुडघ्याएवढा ढीग झाला.

“पंत, शेजारच्या गावालाही खिडक्या हव्यात का, विचारून येऊ?” कुणीतरी म्हणालं.

महाराज म्हणाले, “पंत, तुमची काच सपाट होती ना? आता खिडकीवर हात फिरवा.”

पंतांनी फिरवला. प्रत्येक तुकडा बांगडीसारखा वाकलेला होता.

“ती ‘वाढल्या’ म्हणाली. देवानं शब्द धरला. चोरीच्या मालाला अशी वाढ नसते हो,” महाराज म्हणाले.

पंत महाराजांच्या पायांकडे वाकले. महाराज बाजूला सरले. मागे राही उभी होती.

“तिकडे,” महाराज म्हणाले.

“अहो पंत, नको! खाली काचा आहेत!” राही ओरडली.

पण जन्मात पहिल्यांदाच पंतांनी काही तपासलं नाही. कपाळ टेकलं.